बाईंनी बोलावलंय

कराडात गुळाच्या एका जुन्या वखारीत नगराच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं संग्रहालय निघालं, आणि तिथले कार्यक्रम ठरवायला, पार पाडायला एक बाई नेमली, तेव्हा गावाला जरा नवलच वाटलं. त्या बाई म्हणजे लीलाबाई जगदाळे. वय पस्तिशीच्या आसपास, जुनी मॅट्रिक, कपाळ मोकळं. नवरा मानसिंग पलटणीत होता. पासष्टच्या लढाईत गेला. लग्नानंतर तो सुट्टीवर आला तोच मुळी मोजक्या वेळा, त्यामुळं मूलबाळ झालं नाही. सासरी ऊस होता, विहीर होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण काम सांगण्यापलीकडं जिच्याकडं घरात कुणी बघत नाही अशा बाईचे दिवस जसे जातात, तसे त्यांचे जात होते. शेवटी त्या कराडला खोली घेऊन राहिल्या आणि बायकांना शिवण शिकवायला लागल्या. सासऱ्यांनी जाऊ नको म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही.

संग्रहालय काढलं होतं गावातल्या काही हौशी मंडळींनी. चिटणीस होते नानासो, वकिली सोडून घरी बसलेले, सज्जन, थोडे भित्रे. नदीच्या दरडीत सापडलेली खापरं, तांब्याची नाणी, दोन-चार तलवारी, मुद्गल, घोंगडी विणायचा एक माग, अशा वस्तू त्यांनी दारोदार फिरून जमवल्या होत्या. पण उद्घाटनाचा मांडव उतरला आणि मग कुणी फिरकेना. वखारीच्या भिंतींत गुळाचा वास मुरलेला. काचेच्या पेट्यांत मुंग्या फिरायच्या. पहारेकरी हरिबा सकाळी मुंग्या झाडायचा आणि दुपारी दारातच झोपायचा.

नानासोंच्या बायकोला लीलाबाई शिवण शिकवत. तिनंच सुचवलं आणि नानासोंनी त्यांना बोलावून घेतलं.

"वस्तू गप्प आहेत, लीलाबाई," ते म्हणाले. "बोलणारी माणसं आणायला हवीत. महिन्याला एक तरी कार्यक्रम व्हायला हवा. जमेल?"

"माणसं आणते," लीलाबाई म्हणाल्या. "ती बोलतील का ते बघू."

पहिला कार्यक्रम जात्यावरच्या ओव्यांचा. कुंडलच्या बयाबाई नावाच्या म्हातारीचं नाव त्यांनी ऐकलं होतं. म्हातारी आली, पण माईकसमोर उभी केल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. पदराचं टोक चावत नुसती उभी. माणसं हसायला लागली. लीलाबाई उठल्या, शेजारच्या घरात गेल्या, हरिबाला हाताशी घेऊन तिथलं जातं उचलून आणलं आणि म्हातारीपुढं मांडलं. मूठ-मूठ जोंधळे घातले. खुंट्याला हात लागला, जातं फिरलं, आणि बयाबाईंचा आवाज असा निघाला की रस्त्यावरची सायकलवाली माणसं खाली उतरून दारात उभी राहिली. त्या पिठाच्या भाकरी संध्याकाळी वखारीच्या मागं चूल मांडून केल्या आणि आलेल्या बायकांनी तिथंच बसून खाल्ल्या.

तेव्हापासून लीलाबाईंची रीत ठरून गेली. ज्याला बोलवायचं त्याच्या घरी स्वतः जायचं. त्याच्या घरचं खायचं. येताना काय लागेल, कुठं निजायचं, मागं गुरांना पाणी कोण दाखवणार, सगळं बोलून घ्यायचं. नानासो म्हणत, पोस्टकार्ड टाकलं तर चालणार नाही का? लीलाबाई म्हणत, कार्डावर कोण येतंय. कुंभार आले, वाकळ शिवणाऱ्या बायका आल्या, कान मोडलेले म्हातारे पैलवान आले आणि शाळेच्या पोरांना पकडी दाखवून गेले. संग्रहालयाचं नाव आसपासच्या गावांत झालं. त्या गावांतली माणसं मात्र त्याला संग्रहालय म्हणत नसत. बाईंच्या वखारीत जायचंय, असं म्हणत.

धनगरांना त्यांनी बोलावलं पंचाहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. ही माणसं त्यांना नवी नव्हती. माण तालुक्यातल्या एका वाडीचा बिराप्पा दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि लीलाबाईंच्या सासरच्या रानात खतासाठी त्याची मेंढरं बसायची. लीलाबाई नव्या नवरी होत्या तेव्हापासून त्याला धान्य मापून द्यायचं काम त्यांच्याकडंच असे. बाहत्तरच्या दुष्काळात त्याची निम्म्याहून जास्त मेंढरं मेली. तरी तो पुढच्या साली आलाच, थोडी होती तेवढी घेऊन.

ढोलाच्या तालावर गोल धरून, हातातले रुमाल उडवत धनगर पुरुष जो नाच करतात, त्याला त्या भागात गजी म्हणतात. बिराप्पाच्या वाडीची गजी नावाजलेली. त्या साली ते तळ टाकून होतेच, तिथनं चालतच वखारीच्या अंगणात आले. पांढरी धोतरं, लाल फेटे. ढोल लागला तशी अंगणातली माती उठली आणि शेवटपर्यंत बसली नाही. नाचणाऱ्यांत बिराप्पाचा पुतण्या अर्जुना होता. विशी नुकती ओलांडलेला, उंच, सडसडीत. इतर माणसं ताल धरून नाचत होती. तो नाचताना हसत होता. नाच संपल्यावर ढोलवाले घाम पुसत बसले, तरी हा एकटाच पाय टाकत राहिला, आणि लहान पोरं त्याच्यामागनं तसेच पाय टाकत राहिली.

"याचं लगीन केलंय आवंदा," बिराप्पा लीलाबाईंना म्हणाला. "तरीबी पोरकटपना जात न्हाई."

"जाऊ नये," लीलाबाई म्हणाल्या.

त्याच सालात आणीबाणी आली. सुरुवातीला संग्रहालयाला त्याची झळ लागली नाही. पुढं चार माणसं जमवायची तर परवानगी लागायला लागली. मग कार्यक्रमाला कोण येणार, काय बोलणार, हे आधी कळवावं लागायला लागलं. शहात्तर साल निम्मं सरलं तेव्हा वेगळीच गोष्ट सुरू झाली. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा आकडा प्रत्येक खात्याला ठरवून दिला होता, आणि तो भरायला मास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत सगळी माणसं शोधत फिरत होती. बाजारातनं माणसं उचलतात, एसटी थांबवून उतरवतात, असं कानावर येई. कराडात त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नसे.

संग्रहालयाचा वर्धापनदिन गणपती विसर्जनानंतर असायचा. यंदा पुन्हा गजी ठेवावी असं लीलाबाईंच्या मनात होतं. पण पावसाळ्यात धनगर आपल्या वाडीत असतात, कराडपासून लांब. ढोल आणि माणसं आणायची तर गाडी हवी. परवानगीही हवी. नानासो त्यासाठी एका सरकारी साहेबांना भेटून आले आणि खुशीत म्हणाले, "परवानगी मिळाली. शिवाय गाडीही तेच देणार आहेत. ट्रक पाठवतील."

"ते कशाला देतात?" लीलाबाईंनी विचारलं.

"संस्कृतीचं काम आहे, म्हणाले. तुम्ही वाडीत निरोप द्या म्हणजे झालं."

निरोप द्यायला लीलाबाई स्वतःच गेल्या. वडूजवरनं दहिवडी आणि तिथनं पुढं चालत. पाऊस त्या बाजूला नावालाच झाला होता, बाजरी कमरेएवढी होऊन थांबलेली. वाडीत शिरताना त्यांना दिसलं की एकही पुरुष माणूस दारात नाही. बायका तेवढ्या होत्या. लीलाबाईंना ओळखल्यावर एका पोरीनं वर माळाकडं तोंड करून हाळी दिली, तेव्हा कुठं झुडपांमागनं एकेक जण खाली आला.

बिराप्पानं घोंगडं अंथरलं. सगळं ऐकून घेतलं.

"बाई, गाड्या फिरत्यात," तो म्हणाला. "परवा खालच्या वाडीची मानसं बाजाराला गेल्याली, तशीच धरून न्हेली. आमी दिवसाचं माळावरच असतू. रातच्याला भाकरीपुरतं खाली येतू. कशी काय येनार?"

"ही गाडी माझी समजा," लीलाबाई म्हणाल्या. "नानासोंनी बोलणं केलंय. तुमाला कुणी हात लावणार न्हाई. नाच करायचा, जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी हितं आणून सोडंल."

"तुमचा सबूद हाय न्हवं?"

"हाय."

अर्जुना मागं भिंतीला टेकून उभा होता. तो लगेच म्हणाला, "मग जाऊ की तात्या. लय दिस झालं ढोल वाजला न्हाई." त्याची बायको साळूबाई, अठराएक वर्षांची, दारातनं ऐकत होती. तीही हसली. अर्जुनाची आई धोंडुबाई तेवढी म्हणाली, "जावा, पर ध्यान ठिवून ऱ्हावा." लीलाबाई तिच्या हातचं ताक प्यायल्या आणि निघाल्या.

वर्धापनदिनाच्या दिवशी वखारीचं अंगण शिंपडून घेतलं होतं. शाळेची पोरं ओळीनं बसली होती, बायका सतरंजीवर. ट्रक दुपारी यायचा होता. आला नाही. लीलाबाईंनी बयाबाईंना जात्यावर बसवलं, त्यांनी ओव्या म्हटल्या, लोक ऐकत राहिले. मग एका मास्तरांनी भाषण केलं. ऊन उतरलं, पोरं चुळबुळ करायला लागली. नानासो सारखे घाम पुसत होते. लीलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं की ते दुसरीकडं बघत.

हरिबाला त्यांनी रस्त्यावर बघायला पाठवलं होतं. तो परत आला आणि त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ट्रक आलाय बाई. स्टेशनच्या अलीकडं शाळा हाय, तितं हुबा हाय. तितं कॅम्प लागलाय."

लीलाबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि चालायला लागल्या. नानासोंनी हाक मारली. त्यांनी मागं बघितलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. कर्ण्यावर गाणी लागली होती. व्हरांड्यात ढोल एकावर एक रचून ठेवले होते आणि त्यांच्याजवळ बिराप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. लीलाबाई पुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं वर बघितलं. तो ओरडला नाही. नुसता बघत राहिला.

"तुमाला सोडलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"म्हातारा झालो म्हनं. मला नगं म्हनले."

"बाकीचे?"

त्यानं वर्गाच्या दाराकडं बोट केलं.

"उतरला कशाला, बिराप्पा? गाडीतनं उतरायचं कशाला?"

"तुमचं नाव घेतलं त्यांनी," बिराप्पा म्हणाला. "बाईंनी बोलावलंय, नाचाच्या आदी डाक्तर तपासनार, म्हनले. मग उतरलो."

वर्गात बाकं भिंतीला लावून मधल्या जमिनीवर तरट अंथरलं होतं. त्यावर वाडीची माणसं ओळीनं आडवी होती. नाचाचे कपडे अंगावर, फेटे उशाला. प्रत्येकाच्या डोक्याशी ऑपरेशनचं बक्षीस म्हणून तुपाचा एक डबा ठेवलेला. लीलाबाई आत आल्या तशी वयानं मोठी असलेली दोघं-तिघं भिंतीकडं तोंड करून वळली. अर्जुना कडेला होता. त्यानं त्यांना बघून उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना.

"बाई, लोकं बसल्यात का अजून?" त्यानं विचारलं.

"बसलीत."

"मग जरा येळानं येतू. पाय जड झाल्यात."

"काय केलं रं तुला?"

"सुई टोचली. मग खाली काय तरी कापलं." त्यानं आवाज खाली आणला. "नाचताना इजा व्हऊ नये म्हनून करत्यात काय वो असं?"

त्याच्या शेजारी पडलेला माणूस, ज्याला घरी पोरं होती आणि ज्याला कळलं होतं, तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "गप पड, अर्जुना."

डॉक्टर कोवळा होता, हातमोजे काढून खुर्चीत बसलेला. लीलाबाई त्याला म्हणाल्या, त्यात एक पोरगा असा आहे की त्याला अजून मूल नाही. डॉक्टर म्हणाला, "मला सांगितलं सगळे तीन-तीन मुलांचे आहेत." मग म्हणाला, "बाई, सकाळपासून मी कुणाचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही." आणि खरोखरच त्यानं त्यांच्याकडंही बघितलं नाही.

माणसं त्या शाळेतच निजली. लीलाबाई बिराप्पाशेजारी व्हरांड्यात बसून राहिल्या. सकाळी तोच ट्रक वाडीला निघाला तेव्हा त्या मागं माणसांत चढून बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, बाई, पुढं बसा. त्यांनी मान हलवली. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला माणसं दात आवळत, पण कण्हत नव्हती. बिराप्पानं तुपाचे डबे एकेक करून फळीजवळ सरकवून ठेवले होते. वाडीत उतरताना ते कुणीच घेतले नाहीत.

बायका गोळा झाल्या होत्या. कार्यक्रमाहून माणसं येणार म्हणून साळूबाई नवं लुगडं नेसली होती. पुरुष हळूहळू, पाय फाकवून उतरले आणि आपापल्या घरात गेले. साळूबाई लीलाबाईंजवळ आली. "नाच चांगला झाला न्हवं, बाई?" तिनं विचारलं.

लीलाबाईंनी तिचा हात धरला. तेवढ्यात धोंडुबाई बिराप्पाजवळ जाऊन काही ऐकून परत आली. तिनं सुनेचा हात लीलाबाईंच्या हातातनं सोडवून घेतला आणि तिला घरात नेलं.

नंतरच्या आठवड्यात दहिवडीच्या एसटीच्या कंडक्टरनं लीलाबाईंना निरोप आणून दिला. अर्जुनाला ताप आहे, साताऱ्याला नेलंय. त्या तिथं पोचल्या तेव्हा त्याचं पोट फुगलेलं होतं आणि जांघेपर्यंत सूज चढली होती. घरच्यांनी आधी जखमेवर पाला बांधला होता. गाडीत बसवून दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर तो धरलेला हात सोडून पळत होता, अंगात ताप असतानासुद्धा. पुन्हा डाक्टर नगं, म्हणत होता. शेवटी शुद्ध हरपल्यावर बैलगाडीत घातला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. जखमेचं विष अंगभर गेलं होतं.

मरायच्या आदल्या दिवशी त्याला थोडी शुद्ध आली. लीलाबाई चमच्यानं पाणी पाजत होत्या. त्यानं त्यांना ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्याची बोटं चादरीवर ताल धरल्यासारखी हलत होती, पण ते तापानंही असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. धोंडुबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं गळा काढला नाही. लीलाबाईंकडं वळून एवढंच म्हणाली, "आता जावा तुमी."

कराडला आल्यावर लीलाबाई तडक नानासोंच्या घरी गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

नानासो झोपाळ्यावर बसले होते. "निम्मं माहीत होतं. साहेब म्हणाले, परत जाताना ज्यांना तीन मुलं आहेत त्यांना समजावून सांगू. मला वाटलं, कार्यक्रम झाल्यावर. राजीखुशीनं. लीलाबाई, तुमची शपथ, मला एवढंच माहीत होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना आणलं नसतं."

नानासोंची बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

लीलाबाई साहेबांकडंही गेल्या. साहेबांनी सांगितलं, मुलगा दुसऱ्या आजारानं गेला, गावठी पाला लावला त्यात त्यांचा अडाणीपणा. आणि मग शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही एकट्या राहता ना?" त्या संध्याकाळी पोलिसांचा माणूस खोलीवर येऊन चौकशी करून गेला. काही केलं नाही. नुसता खाटेवर बसला, भिंतीवरचा मानसिंगचा फोटो बघितला आणि गेला. पण घरमालकाच्या बायकोनं दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. का नाही सोडली, असं पुढं कुणी विचारलं तर म्हणत, जाणार कुठं? शिवणवर्ग दुसऱ्या बाईनं घेतला होता, सासरी परतायचं नव्हतं. पण गावोगाव जाणं त्यांनी बंद केलं. आता व्याख्यानंच व्हायची. कॉलेजचे प्राध्यापक यायचे, मंडळाची आठ-दहा माणसं ऐकायची. बयाबाईंनी एकदा निरोप धाडला, औंदा बोलावलं न्हाई म्हणून. लीलाबाईंनी उत्तर दिलं नाही.

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीनंतर हवा बदलली. जी माणसं गप्प होती ती चौकाचौकात बोलायला लागली. चौकशी सुरू झाली, ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांनी येऊन सांगावं असं जाहीर झालं. लीलाबाईंना बऱ्याच दिवसांनी अंगात बळ आल्यासारखं वाटलं. त्या पुन्हा वडूजमार्गे दहिवडीला आणि तिथनं चालत वाडीत गेल्या.

यावेळी पुरुष दारातच होते. कुणी उठलं नाही, कुणी हाकललंही नाही. बिराप्पानं घोंगडं टाकलं. तो वर्षात फार म्हातारा झाला होता.

"साक्ष द्यायची," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी सगळ्यांनी चला. मी संगट येते. साहेबाचं नाव मी सांगते."

बिराप्पा काडीनं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "बाई, तुमी सांगनार. ते पेपरात येनार. या वाडीची मानसं अशी अशी केली, ह्ये मुलखाला कळनार. आमच्यात दोन पोरं अशी हायती की त्यांची लगीनं व्हायची हायती. त्यांस्नी पोरी कोन दील?"

"लपवून लगीनं करणार?"

"त्ये आमचं आमी बघू."

"आणि अर्जुना?"

"अर्जुना गेला. बाकीच्यास्नी जगायचं हाय. चार मानसांत बसायचं हाय, जत्रंला जायाचं हाय."

"मग झालं ते झालंच नाही म्हणायचं का?"

"आमाला म्हाईत हाय की," बिराप्पा म्हणाला. "तेवढं पुरं हाय. बाई, तुमी आमाला एकदा लोकांम्होरं न्हेलं. आता पुन्यांदा नगं."

लीलाबाईंनी परतताना धोंडुबाईच्या दारावरनं जायचं टाळलं. साळूबाईला तिच्या भावानं नेल्याचं त्यांना वाटेत एका बाईकडनं कळलं.

चौकशीला त्या गेल्याच. एकट्या. टेबलामागच्या गृहस्थानं नीट ऐकून घेतलं, मग गावाचं नाव विचारलं.

"ते सांगणार नाही."

"मेलेल्या मुलाचं?"

"नाही."

"मग बाई, या बोलण्याचा उपयोग काय?"

"गाडी पाठवणाऱ्या साहेबांचं नाव घ्या. आणि मी बोलावलं होतं, हे घ्या."

गृहस्थानं हात जोडले. वाईट वाटल्यासारखे. बाहेर रांगेत पुष्कळ माणसं उभी होती, त्यातल्या प्रत्येकापाशी नाव-गाव होतं. साहेबांची बदली झाली, एवढंच पुढं कळलं, आणि तीही चौकशीमुळं की नेहमीची, ते कळलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात, साखर कारखान्याचा हंगाम जोरात असताना, लीलाबाई सासऱ्यांच्या आजारपणासाठी गावी गेल्या होत्या. रानात ऊसतोड चालली होती. त्या डबा घेऊन बांधानं जात असताना तोडणाऱ्या बायकांत त्यांना साळूबाई दिसली. हातात कोयता, डोक्याला फडकं, पाचटानं हात कापलेले. तेव्हाच्या अठरा वर्षांच्या पोरीचं तोंड दोन वर्षांत पार ओढून गेलं होतं. तिनंही त्यांना ओळखलं. तोड थांबवली नाही.

लीलाबाई बांधावरच उभ्या राहिल्या. "साळू," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई."

"कुठं असतीस?"

"भावासंगट. तोडीला." तिनं ऊस बुडात तोडला, शेंडा उडवला, मागं टाकला. "पुढल्या साली पाट लावून देनार हायती मला. म्हसवडकडचा मानूस हाय. त्याला पैली पोरं हायती."

लीलाबाई काही बोलायला गेल्या. इतके दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते सुरू केलं. "मी बोलावलं नसतं तर..."

साळूबाईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफीही नव्हती. थकवा होता.

"कुनीबी बोलावलं असतं तरी त्यो गेला असता," ती म्हणाली. "ढोल म्हटलं की त्याला दम निघायचा न्हाई. त्ये मला म्हाईत हाय. पर तुमी बोलावलं म्हनून आत्याबाईंनी जाऊ दिला. त्यास्नी आता झोप लागत न्हाई. मानूस उठून उठून दारात बसतंय."

मुकादमानं तिकडनं हाक दिली. साळूबाईनं मोळी बांधली, उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीकडं चालायला लागली. लीलाबाई हातातला डबा घेऊन तिथंच थांबल्या, आणि मग ज्या कामाला निघाल्या होत्या त्या कामाला गेल्या.

सासरे त्याच महिन्यात वारले. लीलाबाई कराडला परतल्या. संग्रहालयात पुढच्या रविवारी जुन्या नाण्यांवर व्याख्यान होतं. त्यांनी सतरंज्या अंथरल्या, माईक लावून घेतला, पाहुण्यांची ओळख करून दिली. ऐकणारे पाच-सहा होते. नानासो पुढच्या रांगेत बसले होते, मधेच त्यांचा डोळा लागला. व्याख्यान संपल्यावर लीलाबाईंनी आभार मानले, दिवे मालवले, आणि किल्ल्या हरिबाकडं देऊन सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही. हरिबानं का म्हणून विचारलं नाही. त्या दोन रस्ते चालून खोलीवर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणयंत्राला तेल घालून दारात पाटी लावली, की इथं झबली-टोपडी शिवून मिळतील.